जिन्याखालचे शहर

दि. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या लेकीला तू १ तारखेस लिहिलेले पत्र तिने मला जसेच्या तसे पाठविले. पुलाच्या कामावर तंबूत राहून, दिवसभर मजुरांच्या डोक्यावर उभे राहून काम करून घेणाऱ्या मुलीला असले पत्र वाचावे लागले, याचे मला वाईट वाटते. त्यात एकही गोष्ट घडली तशी उतरलेली नाही. तू लिहितेस की दादाने रविवारी रागाच्या भरात पोरांचे गाव उचलून कचऱ्यात फेकले. ते गाव नव्हते, शहर होते. रविवार नव्हता. राग तर मुळीच नव्हता. आणि मी काहीही फेकले नाही. मी त्याचे वर्गीकरण केले.

हसण्यापूर्वी पुढचे वाच.

छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्या इमारतीतील सुक्या कचऱ्याची व्यवस्था माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊक आहे. जिन्याखालच्या खोलीत मी चार पेट्या ठेविल्या आहेत आणि त्यांवर कागद, काच, धातू, प्लास्टिक अशी शुद्ध अक्षरांत पाटी लाविली आहे. महिनाअखेरीस भंगारवाल्या बाईंचा टेम्पो येऊन माल नेतो. त्या शनिवारी मी खोली झाडावयास घेतली, तेव्हा पेट्यांमागे, एका जुन्या दाराच्या फळीवर, मला एक भयंकर ढीग आढळला. औषधांची खोकी, बाटल्यांची बुचे, तेलाचे डबे, तारा, दोऱ्याची रिकामी रिळे असे सारे एकमेकांस डिंकाने चिकटविलेले. लोक कचरा वेगळा करीत नाहीत, हे मी समजू शकतो; पण एकत्र चिकटवून देण्यापर्यंत निष्काळजीपणा गेलेला पाहून मी थक्क झालो. जेवण झाल्यावर बसलो तो दिवेलागणीपर्यंत मी एकेक वस्तू पात्याने सोडविली, कोमट पाण्याने डिंक काढला, बुचे धुतली आणि सारे ज्याच्या त्याच्या पेटीत घातले. सोमवारी सकाळी टेम्पो येऊन गेला.

त्याच संध्याकाळी मुले खाली आली. पुढे आपली खारू, मागे तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी जिला सारे महापौर म्हणतात, आणि तिच्यामागे वीजतंत्र्याचे जुळे. त्यांना पाहून मला आनंद झाला. मीच त्यांना आत बोलाविले आणि खोली कशी लख्ख केली आहे, ते दाखविले.

पुढचे मी लिहीत नाही. महापौरबाईंनी खारूकडे एकदा पाहिले आणि त्या जुळ्यांना घेऊन निघून गेल्या. तेव्हापासून खारू खाली खेळावयास उतरलेली नाही. शाळेतून येते, खिडकीत बसते, विचारले तर एका शब्दात उत्तर देते. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात मुलांच्या टाकाऊ वस्तूंच्या शहरांचे प्रदर्शन आहे. त्यासाठी हे सारे चालले होते, हे मला नंतर कळले.

तुझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. पुढच्या वर्षी आजोबांकडे नको, तुमच्याकडे राहीन, असे तिने तुला फोनवर सांगितले आणि तू मागची खोली रिकामी करावयास घेतलीस, हे कळले. तिच्या आईबापांचे पुलाचे काम आणखी वर्षभर चालेल. तोवर मुलीने कोठे राहावे, हे मुलीनेच ठरवावे. मी आड येणार नाही. फक्त, तुझ्या मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, हे मी तुला मागेही लिहिले होते. खारूला बाहेरचा दिवा चालू असल्याखेरीज झोप येत नाही. तिला दोन उशा लागतात, एक डोक्याखाली व एक पायाशी. दूध गरम चालते, ऊन चालत नाही. या दोन शब्दांत ती फरक करते.

कळावे. माझा राग नाही. जे घडले ते घडले तसे लिहिले, इतकेच. तुझ्यावरची माया पूर्वीइतकीच धरून आहे.

तुझा,
दादा


दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हसायचं नाही असं तू लिहिलंयस, म्हणून मी आधी दार लावून घेतलं. दादा, अरे, शहर वेचून वेचून पेट्यांत भरणारा माणूस या पृथ्वीतलावर तूच! दुसरा कोणी असता तर लाथ मारून मोकळा झाला असता, आणि पोरांना निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. तू बुचं धुतलीस म्हणे. कमाल आहे बाबा तुझी.

बरं, आता हसणं संपलं. नीट ऐक.

खारूशी मी परत बोलले. तुला वाटतंय की शहर मोडलं म्हणून ती रुसली आहे. तसं नाही. ते रिळांचे मनोरे मीच पाठवलेल्या रिळांचे होते (माझ्या शिवणवर्गात आठवड्याला पिशवीभर निघतात), तेव्हा रडायचं तर मी पण रडले असते. पण तिचं दुखणं वेगळंच आहे. जूनमध्ये आली तेव्हा तिला त्या इमारतीत कुणी विचारत नव्हतं. खाली खेळायला जायची नि भिंतीला टेकून उभी राहायची, हे तरी तुझ्या लक्षात आलं होतं का? मग त्या महापौरबाईला शहर ठेवायला जागा मिळेना. गच्चीवर वारा, घरात आया ओरडतात. तेव्हा हीच पुढे झाली. म्हणाली, माझ्या आजोबांच्या खोलीत ठेवा, तिथे ठेवलेली वस्तू कधी इकडची तिकडे होत नाही. तिने शब्द दिला रे तुझ्या नावाने. तेव्हा कुठे त्यांनी तिला आपल्यात घेतलं.

आणि मग तू त्यांना बोलावून लख्ख खोली दाखवलीस.

ती माझ्याकडे यायचं म्हणते ते माझ्या प्रेमाने नव्हे, एवढं मला कळतं. तिला फक्त त्या जिन्यावरून खाली उतरायचं नाही. इथे आली तर मी डोक्यावर घेऊन नाचेन, ते सोड. पण अशी तोंड लपवून आलेली पोर मला नकोय. तेव्हा तिला काही विकत आणून देऊ नकोस. समजावू नकोस. समजावायला लागलास की तुझी वाक्यं अर्धं पान लांब होतात. सरळ तिसऱ्या मजल्यावर जा आणि त्या पोरीसमोर चुकलो म्हण. नुसतं चुकलो. त्यापुढे स्वल्पविराम नको.

खिडकीला सुतार बोलावलाय. उशा दोन काढून ठेवल्यात.

रागावलास तरी पत्र टाक, इतका लोभ ठेव म्हणजे झालं.

तुझी,
धाकटी


दि. २३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. भिंतीला टेकून उभी राहण्याची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. दुपारी मी पेट्यांकडे पाहत असतो.

प्रथम मी शनिवारी, १५ तारखेस, भंगाराच्या वखारीत गेलो. रिकाम्या हातांनी चुकलो म्हणावयास जाणे मला योग्य वाटले नाही. तेथील बाई मला ओळखतात. माझी हकिकत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग पोट धरून हसल्या. त्यांनी सांगितले की इतरांचा माल महिनोन्महिने तसाच पडून असतो, कारण तो निवडावा लागतो. तुमचा मात्र इतका स्वच्छ निवडलेला येतो की आला तसा पुढे जातो. खोकी सारी कागदाच्या गिरणीत गेली होती. बुचांची गोणी मात्र सापडली. आपली बुचे ओळखणे सोपे होते, कारण त्या गोणीत धुतलेली तेवढीच होती. तेलाचे डबे व काही तारा मिळाल्या. बाईंनी माझ्या हातात पिशवी देताना बजाविले की आजोबा, आता हे परत निवडायला बसू नका.

दुसऱ्या दिवशी तिसरा मजला चढलो. महापौरबाईंनी साखळी न काढता दार उघडले. मी चुकलो म्हणालो. स्वल्पविराम घातला नाही. परंतु बुचांची पिशवी फटीतून दाखविली. त्यांनी पिशवीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हे एकटीने ठरविण्याचे काम नाही, बैठक घ्यावी लागेल, असे सांगून दार लावून घेतले.

बैठक १८ तारखेस, मंगळवारी, जिन्यावर झाली. महापौर मधल्या चौकावर, जुळे त्याखालच्या पायरीवर, मी सर्वांत खाली उभा. बसावयास कोणी सांगितले नाही. खारूला बोलावणे गेले होते. ती आली, पण वरच्या पायऱ्यांवर, कठड्याला धरून, सर्वांपासून दूर बसली. तिने माझी बाजू घेतली नाही आणि त्यांचीही घेतली नाही.

मला पहिला प्रश्न असा विचारण्यात आला की ते शहर आहे, हे मला दिसले कसे नाही. मी खरे ते सांगितले की नाही दिसले. महापौरबाईंनी विचारले की खिडक्याही दिसल्या नाहीत का. मी म्हणालो, खोक्यांना भोके दिसली होती, ती उंदरांनी पाडली असावीत असे वाटले. यावर जुळे फिदीफिदी हसू लागले, पण महापौरबाईंनी डोळे वटारताच गप्प बसले.

मी आलेखाच्या कागदावर एक नवा आराखडा काढून नेला होता. दोन रात्री त्यावर घालविल्या होत्या. सर्व रस्ते सरळ, सर्व चौक काटकोनात, सर्व इमारती एकाच प्रमाणात. मोठ्या जुळ्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले की यात लपाछपी कोठे खेळायची. धाकट्याने त्यावर अभिप्राय दिला की हे शहर शाळेसारखे दिसते. आराखडा एकमताने नामंजूर झाला. तो मी घडी करून खिशात ठेविला.

मग जुनेच शहर पुन्हा उभारावे, असे ठरले आणि ठरताक्षणीच भांडण सुरू झाले. कोणती वस्तू कोठे होती, यावर कोणाचे एकमत होईना. जुळे म्हणत, पूल बाजारातून निघत होता. महापौरबाई म्हणत, मुळीच नाही, तो त्यांच्या शाळेपासून निघत होता. एकाने दुसऱ्याला खोटारडा म्हटले. धाकटा जुळा आपल्या चपला शोधू लागला. प्रदर्शनाचे घोडे तेथेच अडणार, अशी चिन्हे दिसू लागली.

धाकटे, तुला माझा स्वभाव माहीत आहे. माझ्यासमोर चुकीचे विधान तसेच राहू दिले तर मला अन्न गोड लागत नाही. मी खालून म्हणालो की पूल म्हणजे जर ती पातळ पत्र्याची पट्टी असेल, तर तिचे एक टोक हिरव्या पट्ट्याच्या औषधाच्या खोक्याला चिकटविलेले होते व दुसरे तेलाच्या लहान डब्याला. डिंक डब्याच्या बाजूस जास्त होता.

मला कसे माहीत, असे महापौरबाईंनी विचारले. मी म्हणालो, माझ्याच हातांनी सोडविले ना. मग त्यांनी विचारले की हिरव्या पट्ट्याचे खोके म्हणजे कोणती इमारत. ते मला कोठून ठाऊक असणार?

वरून खारू बोलली. ते बाळंतपणाचे इस्पितळ होते, म्हणाली. आणि तेलाचा डबा म्हणजे बसचे आगार. पूल यासाठी की बाळ घेऊन निघालेल्या आईला रस्ता ओलांडावा लागू नये.

खोली लख्ख दाखविल्यापासून तिच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले पूर्ण वाक्य.

त्यानंतर असे झाले की मी वस्तू सांगत गेलो आणि ती नाव सांगत गेली. मी म्हणालो, चार पांढरी बुचे एका ओळीत, तारेवर. ती म्हणाली, रस्त्यावरचे दिवे, ते रात्रभर चालू असतात. मी म्हणालो, एक रीळ दुसऱ्यावर आणि वर तुटके बटण. ती म्हणाली, पाण्याची टाकी, बटण म्हणजे झाकण. एकदा मी लाल बुचे काचेच्या बाटलीभोवती होती असे सांगितले, तेव्हा तिने सरळ चूक दाखविली की ती बागेभोवती होती, बाटलीला चुकून चिकटली. मी आभार मानले. बोलता बोलता ती एकेक पायरी खाली सरकत होती. आयांनी जेवावयास हाका मारल्या, तेव्हा ती जुळ्यांच्या मागच्या पायरीवर होती आणि महापौरबाई तिला विचारून घेत होत्या की उद्या डिंक कोण आणणार.

त्यांचा एक कायदा मला त्याच वेळी कळला. जो वस्तू आणील, तिची इमारत कोणती ते तोच सांगेल; दुसऱ्याने त्यावर बोलावयाचे नाही. इतका सुटसुटीत कायदा मी छापखान्यात कधी छापलेला नाही.

घरी जेवताना तिने एवढेच विचारले की भंगारात द्यायची होती, तर बुचे का धुतली. मी म्हणालो, अस्वच्छ वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊ नये. तिने सांगितले की चिकटविण्यापूर्वी तीही धुते. मग ताट उचलून गेली.

तुझ्याकडे येण्याबद्दल ती काही बोललेली नाही. मी विचारले नाही. सुतार येऊन गेला काय, ते कळव.

तुझ्या सल्ल्याबद्दल आभारी आहे. पुढेही असाच न मागता देत जा.

तुझा,
दादा


दि. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल खारूचा फोन आला होता आणि ती तासभर नुसती बोलत होती. मला हूं म्हणायला सुद्धा जागा ठेवली नाही. आगाराला आता छप्पर आहे, टाकीला गळती आहे, धाकट्या जुळ्याने स्वतःच्याच केसांना डिंक लावून घेतला, आणि आजोबांना अजून शहरात कसलीच परवानगी नाही, फक्त वस्तू आठवून सांगायची नोकरी आहे. बिनपगारी! आणि तू म्हणे वेळेवर हजर असतोस.

शिवणवर्गातल्या बायकांना मी सगळी गोष्ट रंगवून सांगितली. रविवारी शहर मोडलं, बुधवारी माझा दादा भंगारात शिरला, गुरुवारी पोरांनी त्याच्यावर खटला भरवला आणि तो ढसाढसा रडला. रडला नव्हतास हे मला ठाऊक आहे, पण गोष्टीला तिथे पाणी लागत होतं. दोघी जणींनी पदराने डोळे पुसले. प्रदर्शन एकवीस मार्चला ना? मी तेव्हा तुमची आठवण काढीन.

मागच्या खोलीला रंग दिलाय, फिका पिवळा. खिडकी आता एका बोटाने लागते. तुला कळावं म्हणून लिहिते, टोमणा नाही. संध्याकाळी बायका गेल्या की सगळी यंत्रं झाकते आणि उगाच जाऊन त्या खोलीत बसते. दादा, खरं सांगू का, आधी मला वाटलं होतं की पोरगी कशी का होईना, येते आहे ना, मग येऊ दे. एप्रिलमध्ये कायमची येणार, असं मी शेजारी सांगूनही टाकलं होतं. आता ती फोनवर एवढी खिदळते की विचारायला माझी जीभ रेटत नाही. तू पण विचारू नकोस. तिला जिथे राहावंसं वाटेल तिथे राहू दे. रंग दिलेली खोली काही वाया जात नाही, कपाटं ठेवीन.

भांडायला तरी लिहीत जा. नुसता लोभ असून मला करमत नाही.

तुझी,
धाकटी


दि. २७ मार्च

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी ढसाढसा रडलो, हे तू शिवणवर्गात सांगितलेस. त्या दोघींना खरे काय ते कळव. बाकीच्या चुका पत्राच्या शेवटी घेतो.

प्रदर्शन झाले. सभागृहात बरीच शहरे होती. एका शाळेचे शहर तर आमच्याहून पुष्कळ उजवे होते, त्यात फिरणारी चक्की होती. आमच्या शहराला बक्षीस मिळाले नाही आणि त्याची हळहळ धाकट्या जुळ्याशिवाय कोणी केली नाही. टाकीची गळती अखेरपर्यंत थांबली नाही. महापौरबाईंनी तिच्याखाली बशी ठेवून तो तलाव असल्याचे जाहीर केले.

मला लिहावयाचे आहे ते आदल्या दिवसाचे. शहर सभागृहात नेऊन मांडले, तेव्हा महापौरबाई मला म्हणाल्या की आजोबांनी इतके दिवस दुसऱ्यांच्याच वस्तू सांगितल्या, आता एक वस्तू स्वतःची आणावी. माझ्याजवळ टाकाऊ असे काही नसते, हे तू जाणतेस. घरभर शोधले. शेवटी कपाटातला तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढिला, ज्यात मी तुझी पत्रे ठेवितो. तो तळाशी गंजला आहे. पत्रे खणात हलविली आणि डबा घेऊन गेलो.

डबा ठेवताच गोंधळ उडाला. तो इस्पितळाहून मोठा, शाळेहून उंच. साऱ्या शहराचे प्रमाण बिघडले, आणि ते बिघडविणारा मी! मोठ्या जुळ्याने विचारले की हे काय आहे. मी सांगितले की हे माझ्या धाकट्या बहिणीचे घर आहे. महापौरबाईंनी हरकत घेतली की ती आजी तर दुसऱ्या गावी राहते. तेव्हा खारू पुढे झाली आणि म्हणाली की कायदा म्हणजे कायदा. आजोबांनी आणले, आजोबा म्हणतील ते घर. मग तिने तुझ्या घराकडे जाणारा रस्ता केला. बाजारामागून, दोन वळणे घेऊन. वाटेत लपावयास जागा आहे.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी तिने आईला फोन केला. दार उघडेच होते, म्हणून ऐकले. एरवी ऐकत नाही. पुढच्या वर्षी शहराला नदी करायची आहे, असे ती सांगत होती. नदीला वर्ष लागते, मधेच सोडून जाता येत नाही, कारण तिचा उगम हिच्याकडे दिला आहे. मग म्हणाली की सुट्टी लागली की धाकट्या आजीकडे जाऊन येईन, तिने खोलीला पिवळा रंग दिलाय. फोन ठेवून ती बाहेर आली, मला तेथे पाहिले, आणि दूध गरम करावयास सांगून खाली पळाली.

तुझे पत्र मी त्या रात्री पुन्हा काढले. कपाटे ठेवीन, असे तू लिहिले आहेस. त्या खोलीत कपाटे ठेवू नकोस. तेथे सुट्टीभर खारू राहील. आणि इकडे माझ्याकडेही एक खोली आहे. तिला रंग दिलेला नाही, परंतु खिडकी लागते. शिवणाची यंत्रे झाकता येतात तशी उचलताही येतात. वर्षातले काही महिने तरी ती येथे आणावीस, असे मला वाटते. जिन्यावर रिळांची टंचाई आहे, हे निमित्त शेजारी सांगावयास पुरेल. मी हे वाक्य चार वेळा खोडून पुन्हा लिहिले. आता ते असेच राहू दे.

तुझ्या पत्रांतील तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त करून घ्याव्यात.

शहर मोडले: रविवारी नव्हे, शनिवार, २५ जानेवारी.

मी वखारीत गेलो: बुधवारी नव्हे, शनिवार, १५ फेब्रुवारी.

जिन्यावरची बैठक: गुरुवारी नव्हे, मंगळवार, १८ फेब्रुवारी.

प्रदर्शन: २१ नव्हे, शनिवार, २२ मार्च. तू आमची आठवण एक दिवस आधी काढलीस, ती चालते.

खारू माझ्याकडे राहावयास आली: तू जून लिहितेस. जूनमध्ये सामान आले. ती स्वतः १८ फेब्रुवारीस आली.

खारू तुझ्याकडे येणार: सोमवार, २१ एप्रिल. पुढचा कायमची हा शब्द काढून टाकावा.

तू माझ्याकडे येणार: तुझ्या कोणत्याही पत्रात ही तारीख नाही. हिची दुरुस्ती मला करता येत नाही.

तुझी वाट पाहणारा,
दादा